फुटलं म्हणायचं नाही

आमच्या भागात काही शब्द जपून वापरावे लागतात, त्यातला पहिला 'फुटलं'. मडकं फुटलं, नारळ फुटला, इथवर ठीक आहे. पण माणसाच्या तोंडाला जखम झाली आणि काहीतरी फुटलं असं कुणी म्हणालं, की ऐकणारा आधी मागं वळून बघतो. जंगलात राहणाऱ्याच्या घरात फुटण्यासारखी वस्तू एकच, असं सगळे धरून चालतात. ती म्हणजे डुकरं मारायला खाण्यात दडवून ठेवतात तो गावठी बॉम्ब. तो बाळगला तर केस होते.

आमच्या ह्यांचा डावा डोळा गेला तो बॅटरीनं. टॉर्चला आम्ही बॅटरीच म्हणतो. भात पोटरीत आलं, कणीस धरू लागलं, की आमच्या कुंभारवाड्याच्या गावांत घरटी एक माणूस शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, राखणीला जातं. डुक्कर हाकलायला पत्र्याचा डबा बडवायचा, म्हणजे दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून ही बॅटरी पट्ट्यानं कपाळाला बांधायची. बाजारात ती ढिगानं मिळते. खोक्यावर वाघाचं चित्र असतं, बनवणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. मी दुकानदाराला तेव्हाच म्हटलं होतं, ज्याला स्वतःचं नाव सांगायची लाज वाटते त्याचा माल आम्ही का घ्यावा? तो हसला. म्हणाला, "वैनी, वाघ हाय की वर!" बिल मागायची आमच्याकडं पद्धत नाही. बिल मागितलं तर माणसावर विश्वास नाही असं होतं.

त्या दिवशी हे सकाळी राखणीहून आले. बॅटरी चार्जिंगला लावली, चहा घेतला. पुरती भरली का बघायला खाली वाकले. मी चुलीपाशी होते. आवाज फार मोठा नव्हता, हातातली पितळी पडावी तेवढाच. वळून बघते तर हे भिंतीला पाठ लावून बसलेले, दोन्ही हात तोंडावर, बोटांतून रक्त, आणि घरभर जळक्या प्लास्टिकचा वास. त्यांना ओरडताही येत नव्हतं. मग मीच ओरडले.

शेजारच्या काकांनी जीप काढली. काका माणूस भला. आमच्यावर त्यांचे उपकारच आहेत, आणि तरी त्या वाटेवर ते जे बोलले ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. गाडी चालवता चालवता ते ह्यांना शिकवत होते, "'फुटलं' म्हनू नगंस बाबा. फुटलं म्हनलास की पोलीस इचारनार, पोलीस जंगलवाल्यास्नी सांगनार. डोळा ऱ्हाईल बाजूला आनि केस बसंल अंगावर. चुलीतला निखारा उडाला म्हन. माज्याच हातनं झालं म्हन."

आमच्यात 'माझ्याच हातून झालं' हे पटकन म्हणतात. दुसऱ्याचं नाव घ्यायला नको, कुणाला त्रास नको. चांगल्या माणसाचं बोलणं म्हणतात ते हेच. आमच्याकडं सरकारी कारभार सगळा कन्नडात चालतो. दवाखान्यात डॉक्टरांनी कन्नडात विचारलं, ह्यांनी कन्नडात सांगितलं. निखाऱ्याला कन्नडात केंड म्हणतात. एवढ्या दुखण्यातही त्यांना तो शब्द बरोबर आठवला. डॉक्टरांनी लिहून घेतलं: केंड उडालं, स्वतःच्या चुकीनं.

इकडं घरी सासूबाईंनी काय करावं? तुकडे फडक्यात बांधले आणि घराखालच्या व्हाळात फेकून दिले. ओढा दुथडी भरून वाहत होता. काळी पडलेली भिंत शेणामातीनं सारवून टाकली. आम्ही मोठ्या दवाखान्यातून डोळ्यावर पट्टी बांधून परत आलो तेव्हा घर लख्ख होतं. "आता कोन बी येऊ दे," त्या म्हणाल्या, "काय बी गावायचं न्हाई." लेकाला वाचवलं म्हणून केवढं समाधान होतं त्यांच्या तोंडावर!

डोळा गेला तो गेलाच. पण निखाऱ्याची गोष्ट गावात कुणाला पटली नाही. गालात प्लास्टिकचे तुकडे कसे घुसले, असं लोक विचारत. तोंडावर नाही, पाठीमागं. बॉम्बचा गोळा बनवत होता, हातात उडाला, असं ठरून गेलं. ज्या माणसानं उभ्या जन्मात घुशीला विष घातलं नाही, तो शिकारी झाला. शेजारच्या माळ्यावरचे दोघं, जे रात्रभर ह्यांना हाका देत राखण करायचे, ते हाका देईनासे झाले. ह्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

मग एक दिवस जंगल खात्याचा गार्ड दारात उभा राहिला. सासूबाई आत जाऊन देवापुढं बसल्या. गार्ड चहा प्यायला, ह्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "चार्जिंगला फुटली व्हय? आमच्या शेजाऱ्याची बी फुटली. त्याचं हातावर निभावलं. दवाखान्यात तसंच सांगायचं की!" आणि पिशवीतून स्वतःची बॅटरी काढून दाखवली. तीच, वाघाची. तो गेल्यावर मी पदर तोंडात कोंबून रडले. ज्याला भिऊन आम्ही सगळं पुसून टाकलं, तो माणूस आमच्यासारखाच कपाळाला मरण बांधून हिंडत होता.

त्यानंतर ह्यांनी ग्राहकांच्या न्यायालयात जायचं ठरवलं. मला म्हणाले, "पैसं मिळू देत न्हाईतर न्हाई. 'ती बॅटरी फुटली' एवढं कुनीतरी मोठ्या मान्सानं म्हनावं. मग मी गावात तोंड वर करून फिरीन." मला हे पटलं होतं. अजूनही पटतं.

आमच्या तालुक्याच्या गावच्या, जोयड्याच्या वकिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच विचारलं, वस्तू कुठं आहे? जी वस्तू फुटली ती तपासल्याशिवाय तिच्यात दोष होता हे कसं ठरवायचं? उन्हाळ्यात व्हाळ आटला तेव्हा आम्ही तिघं त्यात उतरलो. सासूबाई एकेक दगड उलथत होत्या आणि सारखं म्हणत होत्या, "हितंच टाकलंय, हितंच टाकलंय." बरंच खाली, एका मुळीला अडकलेला ताणाचा पट्टा सापडला. कपाळाला बांधायचा तो. बाकी काही नाही. पण त्या पट्ट्यानं आम्हाला वेड लावलं. धुतला, वाळवला, कोऱ्या कापडात गुंडाळून ठेवला.

जिल्ह्याच्या गावी तारखेवर तारखा झाल्या. शेवटी दुकानदाराच्या वकिलानं तो पट्टा चिमटीत धरला आणि म्हणाला, असले पट्टे प्रत्येक बॅटरीला असतात, हा आमच्याच दुकानातला कशावरून? बिल नाही, वस्तू नाही, आणि दवाखान्यात तर केंड लिहिलेलं आहे. खोटं एक शब्द बोलला नाही तो. दुकानदार आमच्याकडं बघत नव्हता. पूर्वी मला वैनी म्हणायचा.

समोर बसलेल्या साहेबांनी ह्यांना विचारलं, तुम्ही दवाखान्यात खोटं बोललात की इथं बोलताय? आवाजात राग नव्हता, उलट थोडी कीवच होती. हे कन्नडात जे म्हणाले त्याचा अर्थ असा, "तेव्हा भ्यालो होतो, साहेब. आताही भ्यालोय." पण भीती पुराव्यात धरत नाहीत. निकालात लिहून आलं की तक्रार सिद्ध होत नाही.

गावात बातमी आमच्या आधी पोचली. कोर्टानं पण खोटं ठरवलं, असं लोक म्हणाले. शेजारचे काका येऊन बसले आणि उठून गेले. सासूबाईंनी त्या दिवसापासून शेणाला हात लावलेला नाही. भिंत मीच सारवते.

भात पुन्हा पोटरीत आलं. डुकरांना निकालाशी काय करायचंय? बाजारात दुसरी कसली बॅटरी मिळते का म्हणून मी सगळी दुकानं पालथी घातली. सगळीकडं तोच वाघ. शेवटी त्यातलीच एक घेतली, आणि बिल मागितलं तर दुकानदार हसला.

ती आता आम्ही पडवीत, बाहेरच्या खांबाशी चार्जिंगला लावतो. घराला नवी रीत पडली आहे. पिन काढताना तोंड फिरवायचं. सासूबाई फिरवतात, मी फिरवते, शेजारणीही आमचं बघून तसंच करतात. हे मात्र मान मुद्दाम उजवीकडं वळवतात, म्हणजे बॅटरीच्या समोर त्यांची डावी बाजू येते. मी म्हटलं, अहो, जरा लांब तरी व्हा. तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ह्या बाजूला आता जायाला काय न्हाई."