नानांची चोपडी आणि सरकणारी ईद

नाना बनकर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी तिमाहीचा तक्ता भरत होते. शाखेच्या जुन्या ग्रुपवर एका ओळीचा मेसेज होता... सकाळी गेले, दुपारी दोनला फुलंब्रीत अंत्यविधी. मी फोन पालथा ठेवला आणि उरलेले चार रकाने भरले. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. फुलंब्री माझ्या घरापासून पाऊण तासावर आहे आणि मी गेले नाही.

टेम्पो-रिक्षांसाठी कर्ज देणाऱ्या आमच्या छोट्या फायनान्स कंपनीच्या फुलंब्री शाखेत नाना वसुली अधिकारी होते. मी इथं संभाजीनगरच्या मुख्य कचेरीत हिशेब बघणारी. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, पण मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणत. महिन्यातून एकदा एसटीनं यायचे, टेबलावर टोपी ठेवायचे आणि पिशवीतून लाल कापडी बांधणीची चोपडी काढायचे. तिच्यात तीन रकाने असत : माणसाचं नाव, कधी देतो म्हणाला ती तारीख, आणि शेवटी नानांचं स्वतःचं एका शब्दाचं मत. ‘देईल’ किंवा ‘अवघड’. तारीख हुकली तर ती खोडून पुढची लिहायची, मत मात्र त्या माणसाच्या घरी जाऊन बसल्याशिवाय बदलायचं नाही, असा त्यांचा नेम. मी चिडवायची, “चहा पाजला की देईल, नाही पाजला की अवघड, असंच ना नाना?” ते गंभीरपणे म्हणायचे, “अर्धं तसंच हाय.”

मग नवी लेखा मानकं, म्हणजे हिशेबाचे नवे नियम, आली. तोवर आम्ही हप्ते चांगले थकल्यावर तोट्याची तरतूद करायचो. आता कर्ज दिलं त्या दिवसापासूनच पुढे किती बुडेल याचा अंदाज बांधून तेवढी रक्कम बाजूला काढायची होती, आणि हप्ता तीस दिवसांपेक्षा लांबला की धोका वाढला असं धरून ती रक्कम कितीतरी पट करायची. हे काम माझ्याकडे आलं आणि मी हुरळून गेले, खोटं कशाला बोलू. जुन्या नोंदी संगणकात घालून मी प्रत्येक शाखेचा अंदाज काढला. फुलंब्रीचा सगळ्यात वाईट निघाला. तिथले बरेच कर्जदार शेळ्या-बोकडांचा धंदा करणारे, टेम्पोतून माल बाजाराला नेणारे. तीन-तीन, चार-चार हप्ते थकवायचे आणि मग एकदम सगळे भरायचे. कधी भरतील याचा कुठल्याही महिन्याशी मेळ बसेना, म्हणून मी त्यांना सरळ धोक्याच्या रांगेत टाकलं.

नाना चोपडी घेऊन आले. “ताई, ही मान्सं बकरीदला बोकडं इकत्यात आन तवाच पैसा भरत्यात. ईद दरसाल धा-अकरा दिवस मागं सरकती. तुमच्या मशिनला ते कसं कळावं? कौसाबाईचं बघा, पाच सालं झाली, एकदाबी बुडवलं नाय.” कौसाबाई म्हणजे धनगरवाड्यातली विधवा बाई, तिला लेकासाठी दुसरा टेम्पो घ्यायचा होता. नियमात सोय होती. सबळ आधार दाखवला तर तीस दिवसांची अट सैल करता येते, आणि त्यासाठी मला एक पानभर टिपण लिहावं लागलं असतं. पण ऑडिटर दारात होते, मला माझ्या तक्त्यांचा तोरा होता... “नाना, अशा वहीला पुरावा म्हणत नाहीत,” मी म्हणाले. त्यांनी टोपी घातली. “बरं,” एवढंच म्हणाले.

त्या आकड्यांवरून वरच्यांनी फुलंब्रीत नवी कर्जं थांबवली आणि वर्षाच्या आत शाखा बंद केली. कौसाबाईचा अर्ज परत गेला, नाना निवृत्तीच्या दोन वर्षं आधी घरी बसले. पुढं एकदा मोकळा वेळ होता म्हणून मी जुन्या नोंदींशेजारी प्रत्येक वर्षीची ईद मांडून पाहिली. वर्षामागून वर्ष थकलेल्या हप्त्यांचे सगळे भरणे ईदेनंतरच्या पंधरवड्यात येत होते. नाना शब्दन् शब्द खरं बोलले होते. मी ते कुणालाही सांगितलं नाही. त्यांना मात्र फोन केला, म्हटलं, “नाना, तुमच्याशी बोलायचंय, दिवाळीनंतर घरी येते.” मग मी संक्रांतीला येते म्हटलं, मग मार्चअखेर झाल्यावर. त्यांनी कधी विचारलं नाही काय बोलायचंय ते. “या की निवांत,” म्हणायचे.

चौदाव्यानंतर मी एकदाची गेले. नानांच्या पत्नीनं पाणी दिलं आणि म्हणाल्या, “दोन डाव तुमच्यासाठी शेंगाच्या पोळ्या केल्या हुत्या ताई. हे दारात बसून ऱ्हायले.” कोनाड्यातली चोपडी त्यांनी माझ्या हातात दिली. “कंपनीची असंल तर घेऊन जा.” कंपनीची नव्हती, तरी मी घेतली. शाखा बंद झाली त्या दिवसाच्या पुढची पानं कोरी होती. एकाच पानावर, वर, त्यांच्या ठसठशीत अक्षरात माझं नाव होतं. शेजारी दिवाळी, खोडलेली. संक्रांत, खोडलेली. मार्चअखेर, खोडलेली नाही. आणि तिसऱ्या रकान्यात, कुठंही न खोडलेला एक शब्द : ‘येईल’.