माळावरच्या दोन्ही बाजू

"चपला काढा. मंग बोला."

मेंढरं राखणाऱ्या काकू माळाच्या कडेला काठी आडवी धरून आधी हेच म्हणायच्या, समोर तलाठी असो की आमदार. मी सेनगावजवळच्या त्या गावात ग्रामसेवक म्हणून नवीन आलो तेव्हा मलाही सोडलं नाही. भर उन्हात तापलेल्या मुरमावर मी पाय उचलत उभा, आणि त्या निवांत मेंढरं हाकत होत्या.

एकोणिसाव्या शतकात या माळावर लढाई झाली. निजामाविरुद्ध इथल्या मेंढपाळांनी बंड केलं होतं. पण निजामाच्या फौजेतही याच भागातली माणसं होती. एक भाऊ इकडे आणि एक तिकडे, अशी घरं होती म्हणतात. माळाच्या वरच्या अंगाला बंडवाल्यांच्या समाध्या, खालच्या अंगाला फौजेतले शिपाई पुरले तिथले दगडी ढिगारे. काकूंचे पूर्वज वरच्या अंगाला होते. तरी दिवाळीनंतर त्या दोन्हीकडची काटेरी झुडपं काढायच्या.

एकदा विचारलं, "काकू, खालचे तर शत्रू ना?"

"व्हय. म्हनून काय काट्यात ठिवू?"

दोन हजार सालानंतर गावात स्मारकाचा विषय निघाला. सरपंच काकूंचा सख्खा पुतण्या. ठरलं असं, की वरच्या समाध्यांवर मोठा चौथरा बांधायचा आणि खालचे ढिगारे काढून सभेसाठी जागा करायची. सेनगावहून जेसीबी आला. बघतो तर काकू खालच्या ढिगाऱ्यावर मांडी घालून बसलेल्या.

"काकू, ऊठ! त्यायनं आपली मानसं मारली," पुतण्या ओरडला.

"आपल्यायनं बी मारली. लढाई होती ती."

"अख्खं गाव एका बाजूला हाय. तूच काहून आडवी येऊन राहिली?"

"हे उचल, आन् मंग सांग लोकायला. आपले कुनाशी लढले? बाभळीशी?"

जेसीबीवाल्याने इंजिन बंद केलं. पुतण्या लाल झाला होता, पण चुलतीला हात लावायची त्याची छाती झाली नाही. काकू अंधार पडेपर्यंत उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून पुन्हा हजर. शेवटी जेसीबी परत गेला.

चौथरा लहान झाला, ढिगारे राहिले. भावकीने मात्र बोलणं टाकलं. उद्घाटनाचं आमंत्रण गावभर फिरलं, काकूंचं घर सोडून. पाहुण्यांचं भाषण रंगात आलं आणि काकू सगळा कळप घेऊन मांडवातून सरळ आरपार निघाल्या. मेंढरांच्या बें-बेंपुढे लाउडस्पीकर हरला. मी खाली मान घालून हसलो. तुम्हीही हसला असतात.

नंतर माझी बदली झाली. काकू गेल्याचं मला उशिरा कळलं. सेनगावला काम होतं, तसाच जीप धरून माळावर गेलो. कळप नव्हता, काठी घेऊन अडवणारं कुणी नव्हतं. पुतण्या एकटाच खालच्या अंगाला उभा होता.

"आता कोण अडवणार तुम्हाला?" मी विचारलं.

"कोनी न्हाई," तो म्हणाला. "मला तिचं पटलं न्हाई, अजून बी न्हाई."

एवढं बोलून तो वाकला. ढिगाऱ्यावरून घरंगळलेला एक दगड त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि हलू नये असा नीट बसवून ठेवला.