सुभेदारांच्या दुधात साबण

नळीतला खालचा थर पुन्हा निळा झाला, तेव्हा माझा सकाळचा चहाही व्हायचा होता. नळी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. निळाच. बाटलीवरचा नंबर पाहिला, तर पुन्हा तोच सभासद. सुभेदार.

ही डिटर्जंट टेस्ट. दुधात दोन रसायनं घालायची, हलवायचं आणि थांबायचं. दूध चांगलं असेल तर खालचा थर जवळजवळ बिनरंगाचा राहतो. निळा झाला, तर दुधात धुण्याची पावडर आहे. दुधात पावडर कोण घालेल, असं तुम्हाला वाटेल. घालतात. पाण्यात स्वस्त तेल ओतलं की ते वर तरंगतं, पण पावडर टाकून घुसळलं की एकजीव होतं, पांढरं दिसतं, वर फेसही येतो. मग ते चांगल्या दुधात मिसळून खपवायचं.

मी डेअरीत क्वालिटी कंट्रोल बघते. घर सांगलीला, नोकरी वडूज भागातल्या चिलिंग सेंटरवर. आसपासच्या गावांतल्या संकलन केंद्रांवरचं दूध आमच्याकडे येतं, तपासलं जातं, थंड होतं आणि पुढे जातं. संशय घेणं हे माझं काम आहे आणि आता स्वभावही झालाय. सासूबाई म्हणतात, "हिला तीर्थ दिलं तरी त्यात लॅक्टोमीटर बुडवंल."

सुभेदारांच्या गावच्या केंद्राचे चेअरमन फोनवर तयारच होते.

"मॅडम, टेस्ट खोटं बोलत न्हाई. सुभेदाराचं दूध बंद करतो आन् फळ्यावर नाव लिवतो."

फळा म्हणजे केंद्राच्या दारातला काळा फळा. भेसळ करणाऱ्याचं नाव त्यावर खडूनं लिहितात. सकाळ-संध्याकाळ अख्खं गाव किटल्या घेऊन त्याच्यासमोर रांगेत उभं असतं. फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या माणसाचं नाव त्यावर एकदा चढलं, की पुसलं तरी ते गावाच्या डोक्यातून जाणार नव्हतं.

"शनिवारपर्यंत थांबा," मी म्हटलं.

"थांबायचं कशाला? पुरावा हाय की."

ही घाई मला आवडली नाही. केंद्राच्या मागच्या निवडणुकीत सुभेदार चेअरमनच्या विरोधी पॅनेलमधून उभे होते, हे मला ठाऊक होतं. शिवाय गावाच्या टँकरमधलं एकत्र दूध स्वच्छ येत होतं. चेअरमन म्हणाले, एवढ्या दुधात एका किटलीचं काय दिसणार? तेही खरंच होतं. मी दोघांवरही संशय ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुभेदारांच्या गोठ्यावर जाऊन उभी राहिले.

सुभेदार दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून म्हशीची धार काढायला बसले होते. मला बघून उठले नाहीत.

"चेकिंगला आलाय न्हवं? करा. पुरं चेकिंग करा."

मी केलं. वैरणीची खोली पाहिली, न्हाणी पाहिली, चुलीमागचा कोनाडाही पाहिला. न्हाणीत धुण्याच्या पावडरचा पुडा सापडला. मी तो उचलला तशी सुभेदारीणबाई दारातून म्हणाल्या, "आवं मॅडम, कापडं तर कशानं धुवायची?" मी पुडा जागेवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना.

धार माझ्यासमोर निघाली. किटली नजरेआड न करता मी तिच्याबरोबर केंद्रापर्यंत चालत गेले. सुभेदार नेहमीसारखे सगळ्यांत पहिले. तिथे मी त्याच किटलीतलं दूध माझ्या पर्समधल्या बाटलीत घेतलं आणि केंद्रानं नेहमीप्रमाणे आपल्या बाटलीत घेतलं. लॅबमध्ये दोन्ही तपासल्या. माझी बाटली स्वच्छ, केंद्राची निळी.

म्हणजे दूध चांगलं होतं. साबण बाटलीत होता. आणि केंद्राच्या बाटल्या एकाच माणसाच्या हातात असायच्या, शालनताईंच्या.

चाळिशीच्या शालनताई केंद्रावर दूध मापायच्या, प्रत्येकाचा नमुना बाटलीत घ्यायच्या आणि संध्याकाळी त्या बाटल्या धुऊन ठेवायच्या. बाई अबोल. त्या दिवशी एक गोष्ट मात्र माझ्या डोळ्यांत भरली होती. त्यांचे हात सतत पदराखाली. किटली धरली तीही पदरानं. मी बाटली घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ती हातात न देता टेबलावर ठेवली. काहीतरी लपवणारा माणूस मला लांबूनही ओळखू येतो. त्यात ही नोकरी त्यांना चेअरमननीच लावून दिलेली. झालं, माझ्या डोक्यात सगळं जुळलं. चेअरमनचं वैर, शालनताईंचे हात, सुभेदारांची बाटली.

फक्त पुरावा हवा होता. म्हणून मी सुभेदारांना निरोप पाठवला की उद्या सगळ्यांत शेवटी या.

त्यांचा लगेच फोन. "लास्ट? मॅडम, आपुन कदी लास्ट गेलो न्हाई."

"ऑर्डर समजा."

"ऑर्डर असंल तर येतो." आवाजावरून ते पटलेलं दिसत नव्हतं.

माझा हिशेब सरळ होता. शालनताई मुद्दाम करत असतील, तर सुभेदार कधीही आले तरी त्यांचीच बाटली निळी होणार. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या लॅबमध्ये घेऊन बसले. सुभेदारांची स्वच्छ निघाली. निळी निघाली ती त्या दिवशी पहिल्यांदा भरलेली. तिच्यानंतरच्या बाटलीतही फिकट निळं होतं, रोजच्या घाईत नजरेतून सुटावं इतकं फिकट. पहिल्या बाटलीवरचा नंबर मी दोनदा वाचला. दूध खुद्द चेअरमनच्या घरचं होतं.

मी फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या टेस्टमदीच कायतरी गडबड हाय."

"परवा टेस्ट खोटं बोलत नव्हती."

"बगा तुमी काय ते," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण माझं जुळवलेलं सगळं त्याबरोबर कोसळलं होतं. ज्यांनी नोकरी लावली, त्यांच्याच दुधात ही बाई साबण कशाला घालेल? इथे माणूस निवडला जात नव्हता. जो पहिला येईल तो अडकत होता, आणि पहिलं येणं ही सुभेदारांची फौजेतली सवय.

त्याच संध्याकाळी संकलन आटोपल्यावर मी न सांगता केंद्राच्या मागच्या बाजूला गेले. शालनताई टाकीजवळ बाटल्या धूत होत्या. घमेल्यात पावडरचं पाणी. बाटली ब्रशनं घासायची आणि नळाखाली धरून खळखळून विसळायची. सुरुवातीच्या बाटल्या त्यांनी अगदी नीट विसळल्या. मग हात नळाखाली गेला की खांदे आखडायला लागले. विसळणं घाईचं झालं. शेवटच्या बाटल्या तर त्यांनी घमेल्यातल्या गढूळ पाण्यातून नुसत्या काढल्या आणि क्रेटमध्ये वर ठेवल्या. सकाळी पहिल्यांदा हाताला येणार त्या वरच्याच.

"शालनताई, हात दाखवा."

त्या दचकल्या. हात पदराखाली गेले.

"काय न्हाई मॅडम. पावडर लागलीया."

"दाखवा."

त्यांनी हात बाहेर काढले. बोटांची पेरं लाल, कातडी जाड होऊन फाटलेली, भेगांतून पाणी येत होतं. अंगठी बोटात रुतलेली.

"गजकर्ण न्हाई ह्ये. आईची शपत. मी लय स्वच्छ ऱ्हाती. बाटल्या झाल्या की कडक पान्यात जंतुनाशक घालती आन् ब्रशनं हात घासती. दिवसातनं किती येळा धुती त्याला गनती न्हाई. तरी घान जात न्हाई."

"मग डॉक्टरांना का नाही दाखवलं?"

"गावात कळलं तर माज्याकडं दूध कोन घालंल? आन् तुमी तर मला लगीच काडून टाकशीला."

पाणी झोंबतं म्हणून बाटल्या विसळायच्या ठेवून, वर ही बाई तेच हात घासत होती. आणि मी तिला कटात सामील करून बसले होते.

सुट्टीच्या दिवशी मी त्यांना साताऱ्याला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी हात उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, इसब आहे. एक्झिमा. मग विचारलं, "हात कसे धुता, ते करून दाखवा." शालनताईंनी बेसिनवर नखांनी खसाखसा घासायला सुरुवात केली, तशा डॉक्टरबाई उठल्याच.

"थांबा, थांबा. भांडं आहे का ते?"

मग त्यांनी स्वतः शिकवलं. धुण्याआधी अंगठी काढायची, तिच्याखाली साबण अडकून राहतो. पाणी कोमट, कडक नाही. वासाचा साबण, पावडर, जंतुनाशक, सगळं बंद. त्यांनी लिहून दिलेलं सौम्य क्लेन्झर थोडंसं घ्यायचं, हलकं फिरवायचं आणि बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुरतं धुऊन काढायचं. मऊ कापडानं टिपायचं, पुसायचं नाही. कातडी जराशी ओलसर असतानाच बिनवासाचं मलम जाड लावायचं. बाटल्या धुताना आत सुती मोजे आणि वर रबरी, आणि आत पाणी गेलं की लगेच बदलायचे. भेगांसाठी वेगळं औषध दिलं. भेगा बुजेपर्यंत दुधात आणि बाटल्यांत हात घालायचा नाही, हेही बजावलं.

"दुसऱ्याला लागत नाही ना?" मी विचारलं.

"नाही."

"दुधातून वगैरे?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "एक्झिमा कुणाला लागत नाही. भेगांत जंतू शिरतात, म्हणून हात दुधात नको. तुम्ही पोलिसात आहात का?"

"डेअरीत," मी म्हटलं.

शालनताई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. परतीच्या एसटीत मात्र त्यांचे हात पुन्हा पदराखाली गेले. काम गेलंच, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

चेअरमनही तेच म्हणाले. "असल्या हाताची बाई केंद्रावर नको. लोक बोलत्याल."

"ठीक आहे. मग फळ्यावर नावं लिहू. सुभेदारांचं आणि तुमचं. टेस्ट दोघांचीही निळी आहे."

त्यांनी पान थुंकायच्या निमित्तानं बाहेर जाऊन विचार केला. आत आल्यावर शालनताई बऱ्या होईपर्यंत कॉम्प्युटरवर नोंदी करतील आणि बाटल्या केंद्राचा शिपाई धुईल, असं ठरलं. रबरी मोजे आमच्या स्टोअरमध्ये खोक्यानं पडून होते. केंद्रानं कधी मागितले नव्हते आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं.

सुभेदारांना शालनताईंनी स्वतःच सांगायचं ठरवलं. दोन्ही हात पुढे करून त्यांनी सगळं सांगितलं. सुभेदारांनी वाकून हात पाहिले. मग माझ्याकडे वळले.

"म्हंजे टायमावर येतो, ह्यो माजा गुन्हा?"

"तसंच झालं खरं."

"आन् माज्या न्हाणीत जाऊन पुडा हुडकला तुमी."



आता शालनताई पुन्हा आपल्या जागेवर आहेत. हात बरे आहेत. हिवाळ्यात थोडं उलटतं, मग पुन्हा मलम आणि औषध. केंद्रावर एक नवा नियम केलाय. रोज सकाळी क्रेटमधली सगळ्यांत वरची बाटली नुसत्या स्वच्छ पाण्यानं भरून लॅबला पाठवायची. ती निळी झाली, तर त्या दिवशी कुणाच्याही दुधाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. संशय मी अजूनही घेते, पण सुरुवात बाटलीपासून करते. फळा कोरा आहे.

सुभेदार अजूनही पहिलेच येतात. आले की आधी म्हणतात, "शालन, हात दाव." शालनताई मोजे काढून हात दाखवतात. ते नीट बघतात, मान हलवतात. मग बाटली मागून घेतात, झाकण उघडून हुंगतात, आणि मगच किटली खाली ठेवतात.