पाठीवरची गिरणी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे नाचणी ओतणं. रविवारची सकाळ होती. मी वरून गिरणीत डबा रिकामा केला, आमच्या हिने खाली पिशवीचं तोंड धरलं, आणि लाइट गेली. "राहू दे, आली की बघू," म्हणाली आणि आत जाऊन आडवी झाली. लाइट आली तेव्हा ती नव्हती.

खरं सांगतो, अख्ख्या भांडुपमध्ये तिच्याइतकी धंद्याला नालायक बाई झाली नाही. आमची पिठाची गिरणी म्हणजे एक शटर आणि एक मोटर. गिऱ्हाइकाने डबा ठेवला की ही मूठभर गहू हातात घेऊन म्हणायची, "हे काय आणलंस गं? कोंबड्यांना घाल." दळणाच्या प्रकारावरून कोणाकडे पाहुणे आलेत आणि कोणाच्या सुनेने वेगळी चूल मांडली, ते सांगायची. तेही मोटर चालू असताना, म्हणजे ओरडून. सकाळच्या उन्हात पीठ उडायचं आणि त्यात ती उभी असायची, धुक्यात उभी असल्यासारखी. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. तिचे केस खरोखर कधी पिकले ते मला कळलंच नाही.

मागच्या गल्लीतली दीपाली कॉलेजात शिकते, शर्यतीत पळते. तिच्या सरांनी तिला नाचणी खायला सांगितली होती. हिने मोबाइलवर पाहिलं की मोठे खेळाडू अंगावर कंपन्यांची नावं मिरवतात. झालं. म्हणाली, "नाचणी आपली, पाठ तिची." आता आमच्या गिरणीला कधी नाव ठेवलेलंच नव्हतं. म्हणून टी-शर्टवर हिने दारावरची अख्खी पाटी छापून आणली: येथे गहू, ज्वारी, बाजरी दळून मिळेल, सोमवारी बंद. पोरीच्या मैत्रिणी तिला "ए सोमवारी बंद" अशीच हाक मारायला लागल्या.

मी म्हटलं, "अगं, जवळची असेल त्या गिरणीत माणूस जातो. पोरीची पाठ बघून कोण डबा उचलतो? आणि ती पळते एवढी जोरात, वाचणार कोण?"

"मागे राहिलेल्या पोरी वाचतील की. त्यांना दुसरं काय काम असतं?"

माझी शाळा तिसरीपर्यंत. मी पुढचा डबा ओतला.

वाट लागली ती वेगळीच. दीपालीची नाचणी रोज सकाळी पहिली, स्वच्छ दगडावर, हा हिचा हट्ट. मग ज्याचा गहू दुसरा, त्याच्या चपात्या काळपट. समोरच्या बिल्डिंगमधली मास्तरीणबाई पीठ परत घेऊन आली. हिने काय सांगावं? "खा गं. तूही पळशील." मास्तरीण पळाली ती दुसऱ्या गिरणीत.

आणि त्या पाठीवरून गिऱ्हाईक आलं किती? एक. मुलुंडची एक बाई दीपालीकडून पत्ता घेऊन डब्यासकट आली. म्हणाली, "माझी मुलगी दुसरी आली. सांगत होती, शर्यतभर हेच वाचत होते. ती पोरगी खाते ते पीठ मला आण." आली मात्र नेमकी सोमवारी. शेवटच्या ओळीपर्यंत पोचायच्या आत शर्यत संपली असणार. हिने डबा ठेवून घेतला, दळला मंगळवारी. सोमवार काही मोडला नाही. पण दिवसभर माझ्याकडे असं बघत होती, जसं काही सगळं मुलुंड आमच्या दारात रांग लावून उभं आहे.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही हिला स्मशानात पोचवून आलो. दीपाली दारात उभी होती, हातात घडी केलेला टी-शर्ट.

"काका, हा ठेवा. काकीच नाहीत तर आता..."

"मी मेलोय का? सकाळी घालून ये."

दुसऱ्या दिवशी सोमवार. मी शटर वर केलं. शेजारी म्हणाले, सुतकात? कोणी म्हणालं, सोमवारी? मी मोटर चालू केली. नाचणी होती तिथेच होती. पिशवीचं तोंड धरायला कोणी नाही, म्हणून सुतळीने बांधलं. पीठ उडालं, त्यात ऊन शिरलं. मी जरा वेळ तिकडे बघत राहिलो.

मग पिशवी दीपालीच्या घरी नेऊन दिली. ती टी-शर्ट घालून बाहेर आली, माझ्या पाया पडली आणि मैदानाकडे पळत सुटली. मी मागून वाचायला लागलो. माझं वाचन हळू. बाजरीपर्यंत आलो, आणि ती गल्लीच्या टोकाला वळली.