मागचं धूसर

पंचवटीतल्या आमच्या गल्लीतला फोटोग्राफर छातीशी चौकोनी कॅमेरा धरून त्यात वरून वाकून बघायचा. फोटोआधी भिंगाजवळचा एक खटका हमखास दाबायचा. त्यानं काचेवरचं चित्र अंधारायचं, पण मागचं धूसर स्पष्ट व्हायचं. "अंधार केला की मागचं दिसतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझं दुसरं लग्न झालं. आमचा जोडीनं फोटो काढायला तो अंगणात आला. आमच्या मागे फक्त भिंत होती आणि कपड्यांची रिकामी दोरी. खटका दाबून तो फार वेळ वाकून राहिला. मग मान न उचलता म्हणाला, "साहेब, मागं उभ्या आहेत त्या बाई फोटोत हव्यात का?"

बायको हसली. "अहो भाऊ, मागं कुणी नाहीये!"

त्यानं कॅमेरा माझ्यापुढे धरला. "बघता?"

"नको," मी म्हणालो. माझी पहिली बायको तापानं फणफणली होती तेव्हा मी मुद्दाम डॉक्टर आणला नव्हता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानं खटका सोडला. "मग मागचं धूसरच ठेवतो."

फोटो अजून भिंतीवर आहे. "मागं हे पुसट काय हो?" बायको अधूनमधून विचारते.

"दोरीवरचं लुगडं," मी सांगतो.