दोन मीटरवरचा मसाला

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकाल. मी जे करून ठेवलं ते सांगलीपासून पाचगणीपर्यंत सगळ्यांनी ऐकलंय, तुम्हीच तेवढे राहिलात.

झालं काय, मी हॅम रेडिओच्या क्लासला जायला लागले. मी म्हणजे कोण? हायस्कूलनंतर पुस्तकाला हात न लावलेली, पन्नाशीला टेकलेली बाई. हा गाणी ऐकायचा रेडिओ नव्हे बरं का. आपण इथून बोलायचं आणि कोसांवरच्या माणसानं ते ऐकायचं. मध्ये ना तार, ना मोबाइलचा टॉवर. त्याची सरकारी परीक्षा असते, परवाना मिळतो.

हे खूळ कुठून आलं? महापुरातून. माझं माहेर कृष्णाकाठी. पुरात फोन बंद पडले आणि दोन दिवस आईचा पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी छावणीत एका मुलीनं मला हुडकून सांगितलं, "तुमची आई शाळेच्या गच्चीवर आहे, ठीक आहे, चहा मागतेय." मी विचारलं, तुला कसं कळलं? तिनं हातातली डबी दाखवली, तिचा रेडिओ, आणि वर बांबूला बांधलेली अँटेनाची काठी. माझी आई, तिचा चहा, आणि ती काठी! मी कितीतरी वेळ त्या काठीकडेच बघत राहिले. देवळात बघतात तसं.

म्हणून क्लास. शिकवायला कराडहून सुभेदार यायचे. फौजेत सिग्नलमध्ये होते, आता निवृत्त. दर रविवारी पहिल्या एसटीनं हजर. क्लासात सगळी इंजिनिअरिंगची पोरं, आणि मी. सुरुवातीला मला काही कळेना. मग सुभेदारांनी माझ्यापुरती फोड करून सांगितली.

"ताई, बँड म्हंजे काय? रस्ता. दोन मीटर म्हंजे आपली गल्ली, शेजारपाजार, लई तर शेजारचा जिल्हा. चाळीस मीटर म्हंजे माहेर, देशातल्या देशात. वीस मीटर म्हंजे परदेशातला भाचा. कुणाशी बोलायचंय त्या रस्त्यानं जायचं. पण लक्षात ठेवा, रस्ता सगळ्यांचा. आधी ऐकायचं, रिकामा हाय का बघायचं, थोडं बोलायचं आणि बाजूला व्हायचं."

खरं सांगते, त्या दिवसापासून मला आभाळ रिकामं दिसेना. वर नुसते रस्तेच रस्ते, आणि माणसं बोलत चाललीत. परीक्षा दिली, पास झाले. परवाना आला तो देव्हाऱ्यात ठेवला.

आता राहिलं स्टेशन. पावसाळ्याआधी सुभेदारांना सांगलीत नदीजवळ एक घर हवं होतं, जिथून पाण्याची पातळी कराडला कळवता येईल. आमचं घर सोयीचं. पण घर सासूबाईंचं, म्हणजे आमच्या आत्यांचं. गच्चीही त्यांची. त्या महिनाभर ठाम होत्या, "माझ्या गच्चीवर काठी न्हाई. मी मिरच्या कुठं वाळवू?" शेवटी एवढं कबूल झाल्या की, एक रविवार लावून बघा. त्या दिवशी सगळ्या स्टेशनांचा सराव होता. आवाज नीट पोचला तर स्टेशन माझं, नाहीतर कुपवाडच्या एका मुलाचं.

मे महिना. गच्चीवर एकीकडे ब्याडगी मिरची पसरलेली, एकीकडे काठी, आणि मध्ये दोन मीटरचा सेट घेऊन मी. आमच्या आत्यांचा कांदा-लसूण मसाला गल्लीत प्रसिद्ध. प्रमाण मात्र कुणाला सांगायचं नाही, लेकींनासुद्धा नाही. सून म्हणून फक्त मला माहीत. तरी डंकावर कांडून आणलं की आत्या मलाही स्वयंपाकघरातून बाहेर काढायच्या. म्हणायच्या, "शेवटचा हात माझा."

दहा वाजता मी बटण दाबलं. "कराड, कराड, इथं सांगली," म्हटलं, पातळीचा निरोप सांगितला आणि बटण सोडलं. एक खरखर झाली आणि सुभेदारांचा आवाज आला, अगदी मिरच्यांपलीकडे उभे असल्यासारखा.

"सांगली, निरोप पोचला. शाबास, ताई. ओव्हर."

माझ्या अंगावर काटा आला. मी पुन्हा बटण दाबून म्हटलं, "धन्यवाद सर, नमस्कार करते."

आणि इथं घोळ झाला. आमच्या माहेरची शिस्त अशी, की मोठ्या माणसांशी बोलताना फोन आपण आधी ठेवायचा नाही. त्यांनी ठेवला की मगच आपण. आता सुभेदार वयानं मोठे, वर गुरू. त्यांच्या आधी बटण कसं सोडायचं? मी दाबून उभी राहिले. सेटवर लाल दिवा जळत होता. मला वाटलं, सर अजून आहेत.

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. बटण दाबलेलं असतं तोवर आपल्याला काहीच ऐकू येत नाही, आणि आपलं मात्र सगळं जगाला जातं. मला हे माहीत होतं. परीक्षेत लिहून आले होते की! पण हात माहेरचा, तो ऐकेना.

तेवढ्यात शेजारच्या शमशाद भाभी चहा घेऊन वर आल्या. मी त्यांना खुणेनं सेट दाखवला आणि म्हटलं, "कराडला गेला आवाज, भाभी. तारेशिवाय." त्यांचेही डोळे मोठे झाले. त्या काठीला हात लावून म्हणाल्या, "या अल्ला, एवढ्याशा काठीतून?"

माझं मन कसं भरून आलं होतं! अशा वेळी माणूस काय देऊन टाकेल, नेम नाही. भाभी मिरच्यांकडे बघून नेहमीसारख्या हसत म्हणाल्या, "आता तरी सांगा प्रमाण. बारा वर्षं विचारतेय."

मी जिन्यात डोकावले. आत्या खाली स्वयंपाकघरात. दार लोटलं. भाभींना जवळ घेतलं आणि कुजबुजून सगळं सांगितलं. मिरची किती, धणे किती, तीळ आणि खोबरं कशात भाजायचं, कांदा आधी उन्हात वाळवून मग तळायचा, दगडफूल मूठभर. एका म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून केवढी काळजी घेतली. सेट मात्र हनुवटीपाशी.

दार उघडलं. आत्या माझा मोबाइल घेऊन उभ्या. "तुझं सुभेदार हायत. घामाघूम झाल्यागत बोलत्यात. बटण सोड म्हणत्यात."

मी बटण सोडलं. सेटमधून पहिला आवाज आला तो पाचगणीच्या स्टेशनचा. तिथं एक स्ट्रॉबेरीवाले काका बसतात.

"सांगली, एक खुलासा पायजे. दगडफूल मूठभर म्हंजे कुणाच्या मुठीनं? माझी मोठी हाय. ओव्हर."

आत्या मोबाइल माझ्या हातात देऊन खाली निघून गेल्या. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळेना.

फोनवर सुभेदार होतेच. मी रडायच्या बेतात माफी मागितली. म्हटलं, त्या मुलालाच द्या स्टेशन. ते गंभीरपणे म्हणाले, "नियमानं मी रागवाय पायजे. पुरात असं बटण दाबून रस्ता अडवून बसला असता तर माणसं अडकली असती. हे आयुष्यभर ध्यानात ठेवा." मग घसा खाकरून म्हणाले, "पर तुमची कुजबूज पाचगणीपतूर स्वच्छ गेली. वह्यांत सगळं उतरून घ्यायचा नियम, म्हणून सगळ्यांनी धण्यासकट उतरलंय. अशी जागा सोडायची न्हाई. स्टेशन तुमचं. आत्याबाई काठी ठिवू देतील का, तेवढं बघा."

तेवढंच तर अवघड होतं. मी खाली गेले. आत्या लसूण सोलत बसल्या होत्या. समोर बसून सगळं कबूल केलं. तुमचं प्रमाण मी दोन जिल्ह्यांना सांगून बसले, काठी आजच उतरवते, म्हटलं.

आत्यांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "पाचगणीपतूर गेलं?"

"हो."

"तिथनं माझ्या भणीच्या गावाला बोलता यील का, पूर आल्यावर?"

"येईल."

"मग ऱ्हाऊ दे काठी. मिरच्या मी सरकवते." आणि मग त्या जे हसल्या, ते पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं, रडतीस कशाला? पंचवीस वरसं झाली, मी तुला तरी कुठं समदं सांगितलंय?"