पायवाटेवर भेटलेली माणसं

गेमच्या चुका लिहून ठेवायला आम्ही एक वही आणली होती. महिन्याभरात बघितलं तर चुका चार पानं आणि किस्से चाळीस पानं! नवीन वही आणायची वेळ आली तेव्हा प्राचीने सरळ कव्हरवरच लिहून टाकलं : 'हे कोणी दुरुस्त करू नये.'

आम्ही तिघं. इरफान कोडिंग करतो, प्राची झाडं काढते आणि मी आवाज बघते. चंद्रपुरात एका सायकलच्या दुकानावर दोन खोल्यांचं आमचं ऑफिस आहे. गेमचं नाव 'पायवाट'. त्यात बंदूक नाही, पॉइंट नाहीत, जिंकणं-हरणं नाही. तुम्ही आपल्याकडच्या जंगलात शिरायचं आणि चालायचं. वाटलं तर नाल्यात उतरा, वाटलं तर टेकडीवर चढा. बास.

"मग खेळायचं काय त्यात?" हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी आम्ही उत्तर देणं सोडलं. माणसाला खुर्चीत बसवायचं, हातात कंट्रोलर द्यायचा आणि आपण गप्प उभं राहायचं.

खुर्चीत सगळ्यात आधी बसले इरफानचे अब्बा. अब्बा टेलर. उभ्या आयुष्यात त्यांनी कधी गेम खेळलेला नव्हता. कंट्रोलर कसा धरायचा इथपासून सुरुवात. पण दहा मिनिटांत गडी रमला. सागाची झाडं मागे पडली, उतार लागला, खाली नाला वाहत होता. पाण्याच्या आवाजावर मी तीन आठवडे घालवले होते, म्हणून माझं सगळं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडे. चेहऱ्यावर काहीच नाही. पण नाल्याच्या काठाशी आल्यावर त्यांचा डावा हात हळूच कंट्रोलरवरून सुटला, खाली गेला, आणि त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला.

"अब्बा, ये क्या कर रहे?" इरफानने विचारलं.

अब्बा स्क्रीनवरून नजर न हटवता म्हणाले, "पानी है ना."

आवाजांचंही ऐका. वाळलेल्या पानांवरून चालण्याचा आवाज मी आधी ऑफिसातच बनवला होता, कांद्याची सालं चुरडून. मला तो फार भारी वाटत होता. प्राचीने हेडफोन लावले, थोडं ऐकलं आणि म्हणाली, "कोणी पापड खाऊन राह्यलं का?"

मग काय, माइक घेऊन आम्ही धानोऱ्याकडच्या जंगलात गेलो. सकाळपासून रेकॉर्डिंग. पोटात काही नाही. त्या दिवशीची टेप फार सुंदर आली, फक्त मधे एकदा माझ्या पोटात गुडगुडल्याचा आवाज आला होता. काढायचा राहून गेला. पुढे एका खेळणाऱ्याने आम्हाला लिहून पाठवलं, "टेकडीमागे तो एक अनोळखी प्राणी गुरगुरतो ना, अंगावर काटा आला. त्याला शोधत मी दोन तास फिरलो."

आता तो आवाज इरफान काढू देत नाही.

संदीप हा प्राचीचा शाळेतला मित्र, घुग्घुसला कोळसा खाणीत कामाला. एकदा शिफ्ट संपवून बाईकवरून थेट आमच्याकडे आला. गेममध्ये चार पावलं चालला, एका झाडाखाली थांबला आणि अर्धा तास तिथेच. इरफानला वाटलं गेम अडकला. तसं काही नव्हतं. संदीप नुसता बसला होता.

खेळून झाल्यावर आम्ही एक फॉर्म भरून घेतो. त्यात एक प्रश्न आहे, 'सगळ्यात जास्त काय आवडलं?' संदीपने लिहिलं : 'कोणी आवाज नाई देला.'

नामदेवभाऊ रिटायर्ड वनरक्षक. तीस-पस्तीस वर्षं जंगलात काढलेला माणूस. त्यांना बोलावताना आमची फाटली होती, कारण चूक असेल तर ते तोंडावर सांगणार. भाऊ खेळायला बसले, झपाझप निघाले, आणि एका वळणावर एकदम थांबले. एक मिनिट गेलं, पाच गेली, दहा गेली.

"भाऊ, काऊन थांबले?" प्राचीने विचारलं.

"वानर खाकरलं."

मी जीभ चावली. वाघ दिसला की वानर काढतं तो इशाऱ्याचा आवाज मला आवडला म्हणून मी मधे मधे कुठेही टाकून दिला होता.

प्राची म्हणाली, "भाऊ, चाला तुम्ही. गेममध्ये आम्ही वाघ ठेवलाच नाई."

"तुम्ही नाई ठेवला," भाऊ शांतपणे म्हणाले. "पण वानराले माहीत आहे का?"

आणि पुढे गेलेच नाहीत. आल्या वाटेने परत फिरले.

प्राचीची मामी धानोऱ्याजवळच्या एका खेड्यात राहते. काही वर्षांपूर्वी मोहफुलं वेचताना अस्वलाने तिच्यावर झडप घातली. गालावरचा व्रण अजून आहे, डावा डोळा गेला. तेव्हापासून मामी जंगलात गेली नाही. बाकीच्या बाया फुलं आणतात, ती अंगणात बसून वाळवते.

रेकॉर्डिंगला गेलो की आमचा मुक्काम तिच्याकडे. एका दुपारी लॅपटॉप उघडा दिसला तशी ती म्हणाली, "मले दाखव." प्राचीची अजिबात इच्छा नव्हती. पण मामीने पदरावरूनच हेडफोन चढवले.

आणि निघाली. ही सगळी झाडं प्राचीने त्याच जंगलाचे फोटो बघून काढलेली. मामी एका डोळ्याने स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन बघत होती आणि प्रत्येक मोहापाशी थांबून सांगत होती, हे झाड कोणाचं, ते कोणाचं. "मोहाखाली पाला काऊन ठेवला वं? फुलं पडाच्या आधी जाळून साफ करतेत ना." मी भराभर लिहून घेत होते.

एका मोठ्या मोहापाशी मामी थांबली. तिचा हात गालावरच्या व्रणाकडे गेला. प्राचीने लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला, तो मामीने बाजूला सारला.

"अस्वल कुठी आहे?"

"नाई ठेवलं मामी," प्राची म्हणाली. "तुह्यासाठीच नाई ठेवलं."

मामीने स्क्रीनवरच्या त्या झाडावर बोट ठेवलं.

"ठेव," ती म्हणाली. "मोह त्याचाबी आहे."